एक काढलं, एक निसटलं!

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली! सहलीला येणाऱ्या सगळ्यांची यादी मी संगणकावर केली होती. पैसे भरलेल्यांची नावं त्यातून काढायला पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. उरलेली नावं वर्गात वाचली, तर एकानं पैसे कधीच भरलेले! बिचारा खाली मान घालून उभा राहिला.

चुकलं कुठे? पायथनमध्ये यादीतली घरं ० पासून मोजतात. समजा, १ आणि २ या घरांतल्या दोघांनीही पैसे भरलेत. १ मधलं नाव काढलं, की २ मधलं सरकून १ मध्ये येतं. रांगेत पुढचा गेला की मागचा सरकतो ना, अगदी तस्सं! पण माझा प्रोग्राम पुढे २ वर गेला. सरकलेलं नाव तपासायचं राहूनच गेलं.

उपाय सोपा आहे. शेवटच्या घरापासून उलटं यायचं. मग सरकणारी नावं आधीच तपासून झालेली असतात. पाच चिठ्ठ्या ओळीत मांडून करून पाहा बरं!

आणि हो, त्या मुलाची मी वर्गासमोरच माफी मागितली. संगणकानं सांगितलं तेच केलं होतं. सांगताना मीच चुकले होते.

– तुमच्या बाई