व्याख्या पाठ, गोष्ट बेपत्ता

जुन्या नाशकात एका स्नेह्याच्या घराच्या माडीवर मी संध्याकाळी मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना मराठी शिकवतो. मध्यंतरी एका मुलीची वही तपासत होतो. प्रश्न होता, 'संघर्ष म्हणजे काय?' उत्तर बिनचूक होते, 'दोन परस्परविरोधी शक्तींमधील द्वंद्व म्हणजे संघर्ष होय.' मी विचारले, "हा संघर्ष तू कोणत्या गोष्टीत पाहिलास?" ती म्हणाली, "सर, गाइडमध्ये गोष्ट दिलेली नाही. व्याख्याच दिली आहे."

पाच मिनिटांनी तीच मुलगी शेजारणीच्या कानात सांगत होती की अब्बा म्हणतात बारावीनंतर शिक्षण पुरे. अम्मी तोंडावर काही बोलत नाही, पण गुपचूप भिशी भरते आहे. आणि भिशी कॉलेजच्या फीची आहे हे अब्बांना अजून ठाऊक नाही. परवा अब्बाच म्हणाले, "या घरात माझ्यापासून कुणी काही लपवत नाही." दोघी खुदकन हसल्या.

त्या हसण्यात काय नव्हते? बाप आणि आई यांचा संघर्ष होता. भिशीचे बिंग केव्हा फुटेल याची उत्कंठा होती. पात्राला जे ठाऊक नाही ते ऐकणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे पात्राच्या साध्या वाक्याला जी धार चढते, तो नाट्यगत उपरोधही होता. पोरीच्या पदरात अख्खे नाटक होते आणि वहीत मात्र मेलेली व्याख्या. हा दोष त्या मुलीचा नाही. ज्यांनी तिला व्याख्या दिली आणि गोष्ट दिली नाही, त्यांचा आहे. आणि त्यांच्यात, वाचकहो, आपणही आलो.

कारण आपल्या लिहित्या मंडळींत एक मत मोठ्या अभिमानाने सांगितले जाते : 'कथानक, निवेदक, प्रतीक हे सगळे विद्यापीठवाल्यांचे चोचले आहेत. आमच्याकडे अनुभव आहे. आम्हाला परिभाषा काय करायची?' मला या मताचा ठामपणे विरोध करायचा आहे. परिभाषा ही चैन नाही. ज्याच्याविषयी दुसरेच गोष्टी लिहितात, त्याला तर ती इतरांहून जास्त लागते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात एक ऐतिहासिक नाटुकले बसले. वर्गात आम्ही मुसलमान दोघेच. दोघांनाही न विचारता खानाच्या गोटात उभे केले. डोळ्यांत सुरमा, आणि तोंडी संवाद, "हम तुमकू छोडेगा नही!" घरी आम्ही तीन पिढ्या मराठी बोलणारे. ते हिंदी मला पाठ करावे लागले. बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुला शोभतं रे!" घरी येऊन मी अम्मीला एवढेच म्हणालो, "बरं नाही वाटलं." त्यापुढे माझ्याकडे शब्द नव्हता.

तो शब्द पुढे कॉलेजात मिळाला : सपाट पात्र. एकाच गुणावर किंवा दुर्गुणावर उभे केलेले, आत वळण नसलेले, आधीच ओळखता येणारे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली सपाट आणि भरीव पात्र हा भेद मांडला. त्याच फॉर्स्टरने १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'त डॉ. अझीझ उभा केला आहे : शेरोशायरीत रमणारा, दिलदार, चटकन दुखावणारा, कधी चुकणारा मुसलमान डॉक्टर. म्हणजे भरीव पात्र कसे असते हे त्याने आधी करून दाखवले आणि मग सांगितले.

शब्द मिळाल्यावर काय बदलले? 'बरं नाही वाटलं' ही तक्रार होती. तिला फार तर सहानुभूती मिळते, नाहीतर 'तुम्ही फार हळवे बुवा' हे उत्तर. 'हे पात्र सपाट आहे; याला हेतू दिलेला नाही; याची भाषा याच्या घरची नाही' हा युक्तिवाद आहे. त्याला लेखकाला उत्तर द्यावे लागते. मराठी रंगभूमीवरचा आणि पडद्यावरचा मुसलमान बहुतेक वेळा क्रूर खान तरी असतो, नाहीतर नायकासाठी जीव देणारा भाबडा चाचा. चाचा गोड आहे म्हणून आपण त्याला टाळ्या देतो. पण परिभाषा येत असेल तर कळते की चाचाही खानाइतकाच सपाट आहे.

आता दुसरी गोष्ट. वस्तू न पाहता संज्ञा शिकली तर काय होते, याचा जगातला सर्वांत मोठा दाखला आपल्याच ज्ञानपरंपरेत आहे. ॲरिस्टॉटलचा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ दहाव्या शतकात बगदादच्या अबू बिश्र मत्ता याने सुरयानी भाषेतून अरबीत आणला. त्या काळच्या अरबी साहित्यात ग्रीकांसारखे नाटक नव्हते. त्याने शोकांतिकेला 'मदीह' म्हणजे स्तुतिकाव्य म्हटले आणि सुखात्मिकेला 'हिजा' म्हणजे निंदाकाव्य. दोनशे वर्षांनी कॉर्डोव्याचा इब्न रुश्द त्या भाषांतरावर भाष्य लिहायला बसला. ॲरिस्टॉटलचा त्याच्याएवढा भाष्यकार त्या काळात दुसरा नव्हता. पण त्यानेही शोकांतिका म्हणजे स्तुती असेच धरले आणि उदाहरणे अरबी कवितेतली दिली. १२५६ मध्ये त्याचे भाष्य लॅटिनमध्ये गेले आणि तो अर्थ युरोपातही पोचला. बुद्धी कमी पडली नव्हती. रंगमंच डोळ्यांसमोर नव्हता.

इब्न रुश्दला सबब होती. आपल्याला कोणती? शालिमार चौकापासून महाकवी कालिदास कलामंदिर चार पावलांवर आहे. दूधबाजारातून चालत गेले तरी दहा-पंधरा मिनिटे. माझ्या वर्गातल्या सतरा मुलांना मी विचारले, "आत जाऊन नाटक कोणी पाहिलंय?" एकही हात वर आला नाही. हे कुसुमाग्रजांचे आणि वसंत कानेटकरांचे गाव. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'चा गणपतराव बेलवलकर याच गावात कागदावर उतरला. बेलवलकर जिवंतपणी सगळे मुलांना देऊन टाकतो. लुच्चेपणाने नव्हे, प्रेमाने. आणि तेच त्याच्या नाशाचे कारण होते. माणसाचा चांगुलपणाच त्याला कसा बुडवतो हे ज्याने एकदा अंधारात बसून पाहिले, त्याला शोकांतिकेची व्याख्या पाठ करावी लागत नाही. कानेटकरांच्या १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये संघर्ष बाप आणि मुलाचा आहे, एकाच घरातला आहे. माझ्या विद्यार्थिनीला तो पाच मिनिटांत कळला असता. अम्मीची भिशी तिला ठाऊक होतीच!

नाटकच कशाला? पुराच्या दिवसांत नाशिककर विचारतात, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" कमरेला, छातीला, गळ्याला. मोजण्यापुरती ती खूण आहे. पण गोष्टीतला म्हातारा त्या मूर्तीकडे बघत आपल्या मुलीचे कर्ज आठवत असेल, तर तीच मूर्ती प्रतीक होते. 'पूर आला, दुकान बंद झाले' ही घटनांची यादी आहे. 'पूर आला म्हणून दुकान गेले, दुकान गेले म्हणून मुलीची शाळा सुटली' हे कथानक आहे. फरक एका 'म्हणून'चा आहे. हे गल्लीत शिकवता येते.

यावर कोणी म्हणेल, 'पण ह्या संज्ञा आपल्या कुठे? एक तर संस्कृत, नाहीतर इंग्रजी.' हा न्यूनगंड आहे आणि अज्ञानही. शाहीर हा शब्द अरबी 'शायर'वरून आला. तमाशा, किस्सा, सवाल-जवाब, मुजरा हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी मातीत असे रुजले की वगनाट्याची त्यांच्यावाचून ओळख सांगता येत नाही. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, १९३३ च्या 'गज्जलांजलि'ने मराठीत गझल रुजवली आणि १९३८ मध्ये अरबी-फारसी शब्द घालवण्यासाठी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला! एकाच माणसाने दार उघडले आणि त्यानेच लावायला घेतले. तरी मतला, रदीफ, काफिया मराठीत राहिलेच. कारण सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ते शब्द गावोगावच्या नवख्या कवींच्या हातात दिले. संज्ञा ज्याच्या वापरात, त्याची. कथा-नाटकासाठी अशी बाराखडी आपल्यापैकी कोणी मोहल्ल्यातल्या मुलांना दिली?

आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. आपण हसलो आणि सोडून दिले. ते विडंबन होते. मोठ्या पडद्याच्या डामडौलाला गरीब गावाने स्वतःच्या फाटक्या कपड्यांनिशी दिलेले उत्तर होते. 'विडंबन' हा शब्द योग्य वेळी वापरला असता तर आपणच त्यावर पहिला गंभीर लेख लिहिला असता. आपण 'पोरांची गंमत' म्हणालो. दखल बाहेरच्यांनी घेतली आणि मग आपल्याला अभिमान वाटला.

आता शेवटचे आणि कडू. हीच परिभाषा आपल्या कथांनाही लावा. आपल्या वार्षिकांतल्या किती कथांमध्ये आई नुसतीच सोशीक असते, मौलवी नुसताच कर्मठ, आणि शेवटच्या परिच्छेदात सुधारक तरुण लेखकाचे भाषण करतो? खानाचा साचा आपण नाकारायचा आणि मौलवीचा स्वतः पाडायचा, हा कुठला न्याय? दुसरीकडे, हमीद दलवाईंच्या १९६५ च्या 'इंधन'मधला 'मी' म्हणजे थेट दलवाईच, असे धरून भांडणारे आजही भेटतात. दलवाईंच्या मतांशी खुशाल भांडा. पण कादंबरीतला निवेदक आणि कादंबरीचा लेखक ही दोन माणसे आहेत, एवढे शिकल्याशिवाय ते भांडण साहित्याचे होत नाही. बाहेरचे समीक्षकही आपल्या पुस्तकांवर 'वेगळे अनुभवविश्व' असा शिक्का मारून मोकळे होतात. निवेदन कसे आहे, संवाद जिवंत आहेत का, शेवट कमावलेला आहे का, हे विचारत नाहीत. ती सवलत आपण आनंदाने घेतो. ती सवलत हा अपमान आहे.

म्हणून मागणे थोडे आहे. शिक्षकांनी व्याख्येआधी गोष्ट सांगावी. पालकांनी वर्षातून एकदा तरी मुलांना नाटकाला न्यावे, मुलींना आधी. आणि आपल्या वार्षिकांनी परीक्षणात 'समाजवास्तवाचे दर्शन' एवढ्यावर लेखकाला सोडू नये.

त्या मुलीला मी उत्तर खोडायला लावले नाही. खाली दोन ओळी सोडून उदाहरण लिहायला सांगितले. तिने विचारले, "सर, अम्मीच्या भिशीचं लिहिलं तर चालेल? पण वही अब्बा बघतात."

मी म्हटले, "मग नावं बदल. कथा तिथूनच सुरू होते."