जळगावचं बोट, मुंबईचं यंत्र

जैन इरिगेशनचे शेअर घ्यायचे तर जळगावकर पूर्वी दलालामार्फत मुंबईला फोन लावायचा. मग टपालानं सर्टिफिकेट, ट्रान्सफर डीड. सही जुळली नाही की सगळं परत! १९९४ मध्ये एनएसईनं, १९९५ मध्ये बीएसईनं सौदे पडद्यावर आणले, पुढे डीमॅट आलं. कटकट मिटली, बरंच झालं.

आता धुळ्यातला पोरगा चहा पिता पिता ऑप्शन घेतो. सौद्यात त्याच्या समोर असतो एक्स्चेंजला खेटून ठेवलेला, अल्गोरिदमनं आपोआप सौदे करणारा सर्व्हर. सेबीच्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के अल्गोरिदमनं कमावला. दहातले नऊ किरकोळ ट्रेडर तोट्यात जातात, ही सूचना लॉगिन करतानाच झळकते. पोरगं ‘ओके’ दाबून पुढे जातं.