पेल्यातील चव आणि दोषाचा निवाडा

नळावरची क्राफ्ट बिअर अपेक्षेपेक्षा वेगळी लागली, की आपण ती नासली असे तरी ठरवतो, किंवा आपल्यातच रसिकता नाही असे मानून मुकाट्याने पितो. दोन्ही निवाडे उतावीळ आहेत. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमधला केळी-लवंगेचा गंध हा यीस्टचा गुण. ब्रुसेल्स परिसरातील लॅम्बिकचे आंबटपण ही परंपरा. तेच आंबटपण जर्मन पिल्सनरला आले, तर मात्र संशय नळीवर घ्यावा. अमेरिकेतील ब्रूअर्स असोसिएशन ही नळी दर १४ दिवसांनी धुण्यास सांगते, ते उगाच नव्हे. कृतीचे मूल्यमापन तिच्या प्रकाराच्या निकषांवर व्हावे, हे आपण साहित्यात मानतो. पेल्यालाही तोच न्याय लावावा : आधी प्रकार विचारावा, मग नळीची स्वच्छता. न विचारता गप्प राहिलो, तर पबच्या गलथानपणाचे पाप बिअर घडवणाऱ्याच्या माथी बसते.