वेशीवर अडलेला कांदा

जागतिकीकरणाचे दिवस भरले, आता ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे, असे सांगणाऱ्यांची सध्या चलती आहे. त्यांच्या म्हणण्याची परीक्षा लासलगावच्या कांदा बाजारात होऊन गेली आहे.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा बाजारात येत होता तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने तग धरतो. लाल कांद्यात तेवढा दम नसतो, काढला की विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, भाव कोसळले आणि माल माघारी नेऊन साठवायची सोयही नव्हती.

‘आधी घरचे ताट’ हा बंदीमागचा युक्तिवाद. शहरी गिऱ्हाइकाची अडचण खोटी नव्हे. पण दार लावले की परावलंबन संपते, हे त्यात गृहीत धरलेले असते. संपत काहीच नाही. भुर्दंड कोणाच्या माथी, एवढेच ठरते. २०१९च्या अशाच बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे, असा चिमटा काढला. हशा पिकला. बांगलादेशाने मात्र तुर्कस्तान, इजिप्तकडून, प्रसंगी विमानानेही, कांदा आणवला.

एप्रिल २०२१मध्ये कोरोना लसीच्या कच्च्या मालावरची निर्यातबंदी उठवा, अशी विनंती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांनी अमेरिकेला जाहीरपणे केली. तेव्हा हाच ‘आधी घरचे’ न्याय आपल्याला झोंबला होता.

नव्या जागतिक व्यवस्थेची बोलणी बहुधा सुरक्षा परिषदेच्या खुर्च्यांपाशी अडतात. अडू द्यावीत. फट त्याहून साध्या जागी आहे. जागतिक व्यापाराच्या गॅट कराराचे ११वे कलम निर्यातबंदीला मनाई करते, पण टंचाईत ‘तात्पुरती’ सूट देते; तात्पुरती म्हणजे किती दिवस, ते त्यात नाही. ३१ मार्चपर्यंतची म्हणून लावलेली आपली बंदी लांबली आणि ४ मे २०२४ला, महाराष्ट्रात लोकसभेचे टप्प्याटप्प्याचे मतदान चालू असताना, उठली. (योगायोगच म्हणायचा.) उठतानाही ४० टक्के शुल्क ठेवून गेली.

या सुटीला मुदत घालावी, पूर्वसूचना सक्तीची करावी, बंदरात पोचलेला माल सोडावा आणि नेहमीच्या गिऱ्हाईक देशाचा वाटा आधीच ठरवावा. हे स्वप्नरंजन नव्हे. जून २०२२मध्ये जागतिक व्यापार संघटनेने जागतिक अन्न कार्यक्रमाची मदतीसाठीची खरेदी अशा बंद्यांतून वगळली, तीही सर्वांच्या होकाराने. मार्च २०२४मध्ये तर भारतानेच, बंदी चालू असताना, बांगलादेशासाठी ५० हजार टन कांद्याला मुभा दिली. ती मेहेरबानी होती. तोच वाटा करारात लिहिलेला असता, तर लासलगावच्या व्यापाऱ्याला डिसेंबरातच त्या हिशेबाने बोली लावता आली असती.