विश्लेषण : यकृतदात्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून… छेद लहान, पण जोखीमही लहान?

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात एका महिलेने पतीला यकृताचा भाग दिला. पती वाचला नाही आणि काही दिवसांत तिचाही मृत्यू झाला. दाता ठणठणीत असतो, त्याला स्वतःला शस्त्रक्रियेची गरजच नसते. त्यामुळे त्याच्यासाठी ती अधिक सुसह्य कशी करायची, यावर जगभर प्रयत्न सुरू आहेत. दुर्बीण आणि रोबो हे त्यापैकीच.

काय बदलते?

प्रौढ रुग्णासाठी बहुधा यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारे ६० टक्के यकृत काढावे लागते. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी बरगड्यांखाली मोठा छेद घेतात. पोटाचे स्नायू कापले जातात, वेदना बरेच दिवस राहतात, पुढे हर्नियाचीही भीती असते. नव्या पद्धतीत चार-पाच छिद्रांतून काम होते आणि वेगळा केलेला भाग ओटीपोटावरील, सिझेरियनसारख्या आडव्या छेदातून बाहेर काढतात. दाता लवकर घरी जातो.

सुरुवात कुठे झाली?

फ्रान्समधील शल्यविशारदांनी २००२ मध्ये लहान मुलांसाठी यकृताचा डावा छोटा भाग दुर्बिणीतून काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. उजव्या भागासाठी पुढे सोलने, रोबोसाठी रियाधने आघाडी घेतली. भारतात कोचीच्या अमृता रुग्णालयासह मोजकीच केंद्रे हे करतात.

मग धोका कुठे?

आत. बाहेरचा छेद लहान झाला, तरी यकृत तेवढेच कापायचे असते. मोठ्या शिरेतून रक्तस्राव झाला तर खुल्या शस्त्रक्रियेत हाताने दाबता येते, इथे ती सोय नाही. पित्तनलिका काही मिलिमीटर इकडेतिकडे कापली गेली, तरी दाता आणि रुग्ण दोघांनाही त्रास होतो. ती नेमकी दिसावी म्हणून हिरवा चमकणारा रंग टोचतात. अडचण आल्यास पोट उघडावे लागते. तो शहाणपणा आहे, अपयश नव्हे. उजव्या भागाच्या दात्याच्या मृत्यूची जोखीम साधारण दोनशे ते पाचशेत एक सांगितली जाते. दुर्बिणीने हा आकडा खाली आला, असे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही.

दात्याने काय विचारावे?

भारतात बहुसंख्य यकृते जिवंत दात्यांकडून मिळतात आणि दात्यांमध्ये पत्नी, आया मोठ्या संख्येने असतात. १९९४ च्या कायद्यानुसार संमती स्वेच्छेची हवी. ‘छोटेसेच छेद आहेत’ हे वाक्य घरच्या दबावाला हातभार लावू शकते. म्हणून या चमूने अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यातील किती वेळा पोट उघडावे लागले आणि किती दात्यांना गुंतागुंत झाली, हे आकडे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मागावेत.