अष्टपैलूंची उपेक्षा नको

उज्जैनचे महाकालेश्वर कोकणच्या वाचकांना परके नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. माळव्याशी जुळलेले मराठी माणसाचे हे नाते पुढे क्रिकेटच्या मैदानावरही दिसले. उज्जैनच्या शेजारच्या इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे एक आधारस्तंभ होते चंदू सरवटे.

१९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्धच्या एकाच सामन्यात सरवट्यांनी ६१ धावांत ९ बळी घेतले आणि शतकही झळकावले. १९४६ च्या मे महिन्यात ओव्हलवर सरेविरुद्ध ९ बाद २०५ अशी अवस्था असताना दहाव्या क्रमांकावरील सरवटे व अकराव्या क्रमांकावरील शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावांची भागी रचली. दोघांचीही शतके झाली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये सात हजारांहून अधिक धावा आणि ४९४ बळी ही त्यांची मिळकत. कसोटीत मात्र नऊ सामने, २०८ धावा आणि अवघे तीन बळी! या अपयशाचे सारे खापर इतरांच्या माथी फोडता येणार नाही. परंतु अष्टपैलू खेळाडू दोन्ही कामे सातत्याने सोपविल्यानेच घडतो, हे होळकर संघाने ओळखले होते, एवढे निश्चित.

आज नेमके याचेच विस्मरण होत आहे. आयपीएलमध्ये २०२३ साली आलेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमामुळे गोलंदाजाच्या जागी फलंदाज उतरविता येतो. मग दोन्ही कामे करणाऱ्याची गरज कोणाला? अमेरिकन बेसबॉलमध्येही चेंडू फेकणाऱ्याऐवजी दुसऱ्याने फटकेबाजी करण्याची प्रथा १९७३ पासून आहे. तरीही जपानच्या शोहेई ओहतानीने २०२१ मध्ये ४६ होमरन मारले व चेंडूफेक करून नऊ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी तेथील धुरीणांनी नियम बदलला आणि चेंडूफेक थांबविल्यावरही अशा खेळाडूला फटकेबाजीसाठी संघात राहण्याची मुभा दिली. तेथे गुणासाठी नियम वाकला. येथे नियमापुढे गुण वाकत आहे.

सरवट्यांचे होळकर संघातील सहकारी मुश्ताक अली यांच्या नावाच्या स्पर्धेतून क्रिकेट मंडळाने २०२४ मध्ये हा नियम काढून टाकला. तो निर्णय योग्यच होता. त्याच न्यायाने आयपीएलमधूनही हा नियम हद्दपार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.