शाळेची किल्ली कुणाची?

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. चार खोल्या, पुढे पडवी आणि अंगणात एक कडुलिंब. लग्नसराई सुरू झाली की वऱ्हाड हमखास शाळेत उतरे. चौथीच्या परीक्षेला एका सकाळी आम्ही गेलो, तर वर्गात गाद्या पसरलेल्या! फळ्यावरची गणिते पुसून कुणीतरी पंगतीचा हिशेब मांडला होता. आम्ही पेपर कडुलिंबाखाली सोडवला. गुरुजी काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? किल्ली त्यांच्याकडे होती. 'नाही' म्हणण्याचे बळ नव्हते.

हे ऐकून शहरातले मित्र म्हणतात, "सरळ कुलूप लावावे." मला ते पटत नाही. कित्येक खेड्यांत पक्क्या छपराची मोठी जागा म्हणजे शाळाच. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची माणसे शाळांतून आसऱ्याला राहिली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना अनेक गावांनी शाळेतच ठेवले. मतदानही तिथेच होते. त्यासाठी जागा ताब्यात घेण्याची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. अशा वेळी शाळेने दार उघडलेच पाहिजे. परंतु संकट वेगळे, कायद्याचे काम वेगळे आणि कुणाची सोय वेगळी. आपण तिन्ही एकाच मापाने मोजतो, इथेच घोटाळा होतो.

मग हे ठरवायचे कुणी? १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला आमच्या गावची लग्नतिथी कशी कळणार? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण सांगितले. शिवाय शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, शाळेचा विकास आराखडा तिनेच करावा, असे कायदा म्हणतो. आमच्याकडे मात्र ही समिती सह्यांपुरतीच उरली आहे.

माझे म्हणणे एवढेच, की या समितीने इमारतीच्या वापराचा एक पानी ठराव करावा, ग्रामसभेत वाचावा, जिल्हा परिषदेची संमती घ्यावी आणि शाळेच्या भिंतीवर लावावा. शाळेच्या वेळेत आणि परीक्षेच्या दिवसांत खासगी कार्याला जागा नाही. इतर वेळी अनामत भरावी, झाडून-पुसून परत द्यावी. संध्याकाळी एक खोली अभ्यासासाठी उघडी राहावी. घरी दिव्याखाली जागा न मिळणाऱ्या मुलींना ती आधी मिळावी.

कुणी म्हणेल, बड्या घरचे कार्य असले की भिंतीवरचा कागद कोण वाचतो? शंका रास्त आहे. पण एकट्या गुरुजींना दटावणे जितके सोपे, तितके गावाने एकमुखाने केलेला ठराव मोडणे सोपे नाही. निदान मोडणाऱ्याला चारचौघांत तो मोडावा लागेल.

आपल्या महाविद्यालयातील बरेचजण अशाच शाळांतून आलो आहोत. सुटीत गावी जाल तेव्हा समितीची शेवटची सभा कधी झाली, एवढे तरी विचारा. गुरुजींच्या हाती किल्ली आहेच. तिच्यामागे गावाचा शब्द उभा राहिला पाहिजे. म्हणजे पुन्हा कुणा चौथीतल्या पोराला कडुलिंबाखाली पेपर लिहावा लागणार नाही.